वृत्तविश्लेषण : पहिला क्रमांक, तरीही तोटा, अमेरिकेतील ‘लेट नाइट’ कार्यक्रमांच्या कपातीचा अर्थ

नवी दिल्ली : अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी नेटवर्कने १७ जुलै २०२५ रोजी ‘द लेट शो विथ स्टीफन कोलबर्ट’ हा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. रात्री ११ वाजून ३५ मिनिटांच्या वेळेत हा कार्यक्रम सलग नऊ हंगाम पहिल्या क्रमांकावर होता. निर्णयापूर्वीच्या तिमाहीत त्याला सरासरी सुमारे २४ लाख प्रेक्षक लाभत होते. असे असूनही त्यावर वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर तोटा होत असल्याचे वृत्त अमेरिकी माध्यमांनी दिले. केवळ सूत्रसंचालक बदलण्याचा हा निर्णय नव्हता. डेव्हिड लेटरमन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘लेट शो’ ही मालिकाच कायमची थांबवली जाईल, असे नेटवर्कने स्पष्ट केले. कोलबर्ट यांनी प्रेक्षकांना ही बातमी देताना आपल्यासोबत काम करणाऱ्या २०० जणांचा आवर्जून उल्लेख केला.

या निर्णयाची चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरली. कारण आर्थिक होते की राजकीय? या दोहोंपैकी एकाची निवड करण्याच्या आग्रहामुळे गेल्या दीड दशकात या कार्यक्रमांत टप्प्याटप्प्याने झालेली कपात मात्र नजरेआड राहिली. ती कपात क्रमाने पाहिली, तर आर्थिक दुर्बलता आणि राजकीय दबाव ही दोन वेगळी स्पष्टीकरणे उरत नाहीत. पहिलीने दुसऱ्याला वाट करून दिली, असे दिसते.

नफ्याचे जुने गणित

‘लेट नाइट’ हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा जुना प्रकार आहे. एनबीसी नेटवर्कवरील ‘द टुनाइट शो’ १९५४ मध्ये सुरू झाला. १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे त्याचे सूत्रसंचालन करणारे जॉनी कार्सन यांनी या प्रकाराचा साचा घडवला. प्रारंभी दिवसभरातील घडामोडींवर मार्मिक भाष्य करणारा ‘मोनोलॉग’, त्यानंतर एखादा विनोदी प्रवेश, मग टेबलापलीकडील पाहुण्यांशी गप्पा, अखेरीस संगीत आणि बाजूला सदैव सज्ज असलेला वाद्यवृंद, असा हा साचा होता. रात्रीच्या बातम्या संपल्यावर दूरचित्रवाणी संच बंद न करणारा प्रेक्षक हे त्याचे भांडवल होते.

या कार्यक्रमांचे अर्थकारण साधे होते. मालिकेच्या एका भागासाठी लागणाऱ्या खर्चाच्या तुलनेत गप्पांचा एक भाग स्वस्तात तयार होत असे. नवा चित्रपट किंवा पुस्तक यांची प्रसिद्धी हवी असल्याने नामवंत पाहुणे कलाकार संघटनेने ठरवलेल्या किमान मोबदल्यावर येत. नेपथ्य तेच राही आणि रंगमंचही तोच. आठवड्याला पाच रात्री जाहिरातींसाठी जागा उपलब्ध होई. शिवाय त्या सूत्रसंचालकाचा चेहरा हीच नेटवर्कची ओळख बनत असे. त्यामुळे या वेळेवरील मालकी हा नेटवर्कच्या प्रतिष्ठेचा विषय होता.

या गणितात एक उणीव मात्र प्रारंभापासून होती. मालिका किंवा चित्रपट पुन्हा दाखवता येतो, परदेशी वाहिन्यांना विकता येतो आणि वर्षानुवर्षे उत्पन्न देतो. कालच्या बातमीवरील विनोद उद्या शिळा होतो. म्हणजेच या कार्यक्रमाला आपला सारा खर्च जवळजवळ त्याच रात्रीच्या जाहिरातींतून भरून काढावा लागतो. जाहिराती भरपूर होत्या तोवर ही उणीव कोणाला जाणवली नाही.

प्रेक्षक घरातील दूरचित्रवाणीपासून दूर गेला, तेव्हा ती उघडी पडली. केबलची वर्गणी बंद करून स्ट्रीमिंग मंचांकडे वळणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली. तरुण प्रेक्षक मोनोलॉगचा पाच-दहा मिनिटांचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी यूट्यूबवर पाहू लागला. कार्यक्रमाची पोहोच कमी झाली नाही. काही वेळा ती वाढलीच. परंतु यूट्यूबवरील दर्शकामागे मिळणारे उत्पन्न दूरचित्रवाणीच्या तुलनेत अत्यल्प असते. जाहिरात खर्चाचा मागोवा घेणाऱ्या ‘गाइडलाइन’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार, नेटवर्कवरील लेट नाइट कार्यक्रमांचा एकत्रित जाहिरात महसूल २०१८ मध्ये ४३ कोटी ९० लाख डॉलर होता. २०२४ मध्ये तो सुमारे २२ कोटी डॉलरवर आला. सहा वर्षांत उत्पन्न निम्मे झाले आणि रोजच्या कामाचा बोजा मात्र तसाच राहिला.

कपातीचा क्रम

कपातीचा पहिला ठळक प्रसंग २०१२ मधील आहे. कॉमकास्टने एनबीसीयुनिव्हर्सलचा ताबा घेतल्यानंतर पुढील वर्षी ऑगस्टमध्ये ‘द टुनाइट शो’मधील सुमारे २० कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. सूत्रसंचालक जे लेनो यांनी आणखी नोकऱ्या वाचाव्यात म्हणून स्वतःच्या मानधनात मोठी कपात स्वीकारल्याचे वृत्त त्यावेळी आले होते. हाही कार्यक्रम तेव्हा प्रेक्षकसंख्येत आघाडीवर होता. पहिला क्रमांक म्हणजे संरक्षण नव्हे, याची ती पहिली सूचना होती.

जानेवारी २०१९ मध्ये टीबीएस या केबल वाहिनीवरील कोनन ओब्रायन यांचा कार्यक्रम तासाभराऐवजी अर्ध्या तासाचा झाला. वाद्यवृंद गेला, टेबलही गेले. जून २०२१ मध्ये तो बंद झाला. एप्रिल २०२३ मध्ये जेम्स कॉर्डन यांनी सीबीएसवरील ‘द लेट लेट शो’ सोडला. नेटवर्कने त्यांच्या जागी दुसरा सूत्रसंचालक न आणता जानेवारी २०२४ पासून ‘आफ्टर मिडनाइट’ हा तुलनेने कमी खर्चाचा खेळवजा कार्यक्रम आणला. तोही जून २०२५ मध्ये संपला.

२०२४ मध्ये एनबीसीने एकाच वर्षात दोन निर्णय घेतले. सेथ मायर्स यांच्या ‘लेट नाइट’मधील ‘एट-जी बँड’ हा दहा वर्षांपासूनचा वाद्यवृंद खर्चकपातीमुळे हटवण्यात आला. त्याच वर्षी जिमी फॅलन यांचा ‘द टुनाइट शो’ आठवड्यातून पाचऐवजी चार रात्री नव्या भागांसह प्रसारित होऊ लागला आणि शुक्रवारी जुने भाग दाखवले जाऊ लागले. ही घट वरवर किरकोळ वाटते. भागानुसार मोबदला मिळणाऱ्या तंत्रज्ञासाठी मात्र आठवड्यातील एक भाग कमी होणे म्हणजे उत्पन्नाचा पाचवा हिस्सा जाणे होय.

कपातीची झळ प्रथम कोणाला बसते, हे या क्रमावरून दिसते. सूत्रसंचालकाचे नाव आणि चेहरा हीच विक्रीची वस्तू असल्याने तेथे हात लावणे नेटवर्कला सर्वांत अवघड जाते. त्यामुळे आधी वाद्यवृंद जातो. त्यानंतर एक दिवस जातो, पुढे लेखक, संशोधक आणि संकलक यांच्या जागा रिकाम्या राहू लागतात. अखेरीस संपूर्ण कार्यक्रमच ताळेबंदातील एक ओळ बनतो आणि ती ओळ पुसणे सोपे वाटू लागते.

पडद्यामागची माणसे

अशा कार्यक्रमाचा एक दिवस साधारणतः सकाळच्या बैठकीने सुरू होतो. लेखक दिवसाच्या बातम्यांवर शेकडो विनोद लिहितात आणि त्यांतील मोजकेच टिकतात. संशोधक वक्तव्ये पडताळतात आणि जुन्या चित्रफिती शोधून काढतात. पाहुण्यांची जबाबदारी असलेले निर्माते त्यांच्याशी आधी बोलून प्रश्नांची दिशा ठरवतात. वेशभूषा, प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्य यांची पथके दुपारी तालीम उभी करतात. सायंकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण होते. त्यानंतरच्या काही तासांत संकलन होऊन तो भाग रात्री प्रसारित होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदापासून प्रारंभ करावा लागतो.

ही यंत्रणा थांबली की काय होते, हे संपाच्या काळात दिसले. २ मे २०२३ रोजी लेखक संघटनेचा संप सुरू होताच सर्वप्रथम लेट नाइट कार्यक्रमच बंद पडले, कारण त्यांच्याकडे आगाऊ लिहिलेले साहित्य नसते. संप सप्टेंबरअखेरपर्यंत चालला. त्या काळात कोलबर्ट, फॅलन, मायर्स, जिमी किमेल आणि जॉन ओलिव्हर या पाच प्रतिस्पर्धी सूत्रसंचालकांनी ‘स्ट्राइक फोर्स फाइव्ह’ नावाचे पॉडकास्ट एकत्र सुरू केले आणि त्याचे उत्पन्न आपापल्या कर्मचाऱ्यांना दिले. त्यापूर्वी २०१० मध्ये कोनन ओब्रायन ‘द टुनाइट शो’मधून बाहेर पडले, तेव्हा सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या समझोत्यातील १ कोटी २० लाख डॉलर कर्मचाऱ्यांसाठी राखल्याचे वृत्त होते. ही उदाहरणे सूत्रसंचालकांच्या औदार्याची आहेतच. कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारी नियमित व्यवस्था किती तोकडी आहे, हेही त्यांतून कळते.

ओब्रायन यांचा पुढील प्रवासही बोलका आहे. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आक्रसत असतानाच, २०१८ मध्ये त्यांनी पॉडकास्ट सुरू केले होते. २०२२ मध्ये सिरियसएक्सएम या ध्वनिप्रसारण कंपनीने त्यांची ‘टीम कोको’ ही कंपनी विकत घेतली. हा व्यवहार सुमारे १५ कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त होते. संवादाला बाजारात मागणी आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र पॉडकास्टसाठी दोन ध्वनिक्षेपक आणि मोजके सहकारी पुरेसे असतात. तेथे वाद्यवृंदाला, नेपथ्यकाराला आणि दहा-पंधरा लेखकांच्या चमूला जागा नसते. सूत्रसंचालक नव्या माध्यमात स्थिरावतो आणि त्याच्याभोवतीची दोनशे माणसे मागे राहतात.

येथेच कपातीतील अंतर्विरोध दिसतो. वाद्यवृंद, विनोदी प्रवेश, अभ्यासपूर्ण मोनोलॉग आणि प्रेक्षकांनी भरलेले सभागृह या गोष्टी पॉडकास्टपाशी नसतात. खर्च वाचवण्यासाठी त्याच एकेक करून काढल्या, तर उरतो तो टेबलापलीकडचा संवाद. आणि तो यूट्यूबवर शेकडो जण कमी खर्चात करतात. कपातीने तोटा कदाचित कमी होतो. परंतु ज्या कारणासाठी प्रेक्षकाने हा कार्यक्रमच पाहावा, ते कारणही त्यासोबत कमी होत जाते.

दबाव आणि दुर्बलता

कोलबर्ट यांच्याविषयीच्या निर्णयाची पार्श्वभूमी राजकीयदृष्ट्या संवेदनशील होती, हे नाकारता येणार नाही. सीबीएसची मूळ कंपनी पॅरामाउंट त्या वेळी स्कायडान्ससोबतच्या सुमारे ८ अब्ज डॉलरच्या विलीनीकरणासाठी संघीय दळणवळण आयोगाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत होती. जुलै २०२५ च्या प्रारंभी पॅरामाउंटने ‘सिक्स्टी मिनिट्स’मधील कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या संकलनावरून अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दाखल केलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. १४ जुलै रोजी कोलबर्ट यांनी आपल्या मोनोलॉगमध्ये या तडजोडीला लाच म्हटले. तीन दिवसांनी कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली आणि २४ जुलै रोजी आयोगाने विलीनीकरणास मंजुरी दिली. ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर या निर्णयाबद्दल उघड आनंद व्यक्त केला.

हा निर्णय पूर्णतः आर्थिक असून कार्यक्रमाच्या आशयाशी किंवा कंपनीतील अन्य घडामोडींशी त्याचा संबंध नाही, अशी भूमिका सीबीएसने घेतली. जाहिरात महसुलाचे आकडे या भूमिकेला बळ देतात, तर घटनांचा क्रम तिच्याविषयी शंका निर्माण करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कार्यक्रमाला सर्वोत्कृष्ट टॉक शोचा एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ही शंका अधिक गडद झाली.

त्याच महिन्यात एबीसी नेटवर्कवर दुसरी घटना घडली. चार्ली कर्क यांच्या हत्येनंतरच्या राजकीय प्रतिक्रियांविषयी जिमी किमेल यांनी केलेल्या टिप्पणीवर आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीर इशारा दिला. त्याच दिवशी, १७ सप्टेंबर रोजी, नेक्सस्टार या स्थानिक केंद्रांच्या कंपनीने कार्यक्रम न दाखवण्याची घोषणा केली आणि एबीसीने तो अनिश्चित काळासाठी थांबवला. नेक्सस्टारला त्या वेळी टेग्ना ही कंपनी विकत घेण्यासाठी आयोगाचीच मंजुरी हवी होती. व्यापक विरोधानंतर किमेल २३ सप्टेंबर रोजी परतले. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर यांच्या केंद्रांवर तो भाग दाखवला गेला नाही. तरीही त्याला सुमारे ६२ लाख ६० हजार प्रेक्षक लाभले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की एक समान धागा हाती लागतो. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणाऱ्या कंपनीसमोर कार्यक्रमाच्या उत्पन्नाहून कितीतरी मोठा व्यवहार किंवा व्यावसायिक हित होते. एखादा कार्यक्रम कंपनीला भरघोस नफा देत असेल, तर त्याच्यावरील दबावाची किंमत संचालक मंडळाला मोजावी लागते आणि मंडळात त्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी असतो. तोट्यातील कार्यक्रमाच्या बाबतीत हे गणित उलटते. त्याला वाचवणे खर्चिक ठरते आणि सोडून देणे शहाणपणाचे दिसते. अशा वेळी कोणी प्रत्यक्ष आदेश दिला होता का, हा प्रश्न दुय्यम होतो. आर्थिक कारण खरे असूनही त्याचा राजकीय परिणाम तितकाच खरा असू शकतो.

व्यंगाला लागणारे पाठबळ

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जातो. प्रेक्षक दुसरीकडे गेला आहे. व्यंग आणि संवादही त्याच्यासोबत नव्या माध्यमात गेले आहेत. मग एका जुन्या प्रकाराच्या अस्ताचे दुःख कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. रेडिओवरील विविधरंगी कार्यक्रमांचीही कधीकाळी अशीच जागा होती आणि ती काळाच्या ओघात गेली.

परंतु व्यंग केवळ विनोदावर चालत नाही. त्यामागे पडताळणी करणारा संशोधक असावा लागतो आणि प्रसंगी खटला लढवणारा वकीलही. कोळसा उद्योजक रॉबर्ट मरे यांनी २०१७ मध्ये जॉन ओलिव्हर यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. तरीही या प्रकरणाचा खर्च २ लाख डॉलरहून अधिक झाला आणि विम्याचा हप्ता तिप्पट झाला, असे ओलिव्हर यांनी पुढे आपल्या कार्यक्रमात सांगितले. त्यांच्या पाठीशी वर्गणीवर चालणारी एचबीओ वाहिनी होती. घरातून पॉडकास्ट करणाऱ्या विनोदकाराला हा भार पेलणे कठीण आहे.

स्ट्रीमिंग मंच हा पर्याय ठरेल, ही अपेक्षाही आतापर्यंत फारशी फळाला आलेली नाही. हसन मिन्हाज यांचा नेटफ्लिक्सवरील ‘पेट्रियट अॅक्ट’ २०१८ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये बंद झाला. सौदी अरेबियावरील त्याचा एक भाग नेटफ्लिक्सने त्या देशात हटवला होता. जॉन स्टुअर्ट यांचा अॅपलवरील कार्यक्रम २०२३ मध्ये संपला, तेव्हा चीन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवरील मतभेद हे त्याचे एक कारण असल्याचे वृत्त होते. मंच बदलला, तरी त्या मंचाच्या मालकाचे अन्य व्यावसायिक हितसंबंध बदलत नाहीत.

भारतात हा प्रकार अमेरिकेइतका रुजला नाही. १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर शेखर सुमन यांनी ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ सादर केला, तेव्हा अमेरिकी साचा भारतीय प्रेक्षकांसमोर आला. त्यातील राजकीय टिप्पणी लोकप्रियही झाली. मात्र तशी अखंड परंपरा निर्माण झाली नाही. पुढील काळात राजकीय व्यंग प्रामुख्याने यूट्यूब आणि छोट्या रंगमंचांवर गेले. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याविषयीच्या टिप्पणीनंतर मुंबईतील खार येथील ‘हॅबिटॅट’ या रंगमंचाची शिवसेना कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. त्यानंतर चालकांनी ती जागा काही काळ बंद केली. टिप्पणीच्या योग्यायोग्यतेबद्दल मतभेद असू शकतात. संस्थात्मक पाठबळ नसेल, तर परिणामांचा भार एका कलाकारावर आणि एका छोट्या जागेवर पडतो, ही वस्तुस्थिती मात्र या प्रसंगाने दाखवली.

पुढे काय

फॅलन आणि मायर्स यांचे एनबीसीसोबतचे करार २०२८ पर्यंत आहेत. तोवर हे कार्यक्रम चालू राहिले, तरी ते कोणत्या स्वरूपात चालतील हे करारांवरून कळणार नाही. वाद्यवृंद परत येण्याची चिन्हे नाहीत. कंपन्यांचे ताळेबंदही दिलासा देत नाहीत. विलीनीकरणानंतर पॅरामाउंटने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १,००० कर्मचाऱ्यांची कपात केली. कमी भाग, लहान चमू आणि वर्गणीवर चालणारे साप्ताहिक स्वरूप ही दिशा अधिक संभवनीय दिसते. आठवड्यातून एकदा, सखोल तयारीनिशी येणारा ओलिव्हर यांचा कार्यक्रम हे तिचे यशस्वी उदाहरण आहे. रोजच्या घडामोडींवर त्याच रात्री देशव्यापी मंचावरून भाष्य करण्याचे काम मात्र त्यातून होत नाही.

त्यामुळे आगामी काळात कोणता सूत्रसंचालक राहतो आणि कोणता जातो, यापेक्षा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात किती लेखक, किती संशोधक आणि किती कायदेशीर साहाय्य उरते, याकडे लक्ष ठेवावे लागेल. सत्तेवर रोज बोट ठेवणारा कार्यक्रम दबावापुढे किती काळ टिकेल, हे पुष्कळ अंशी त्या पडद्यामागच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून राहील.